फॉर्म नावाचा भोवरा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, त्याच सुमारास मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम रंगात आलेला असतो. जळगाव-धुळ्यात दोन्हीकडे जीव टाकणारी माणसं आहेत, पण त्यांचं एकमेकांशी फारसं जमत नाही. रेसवाला यात्रेतल्या घोडेवाल्याला अडाणी समजतो. घोडेवाला घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे शोधतो, रंग बघतो, चार पाय आणि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याणी, असलं की खुशाल चढी किंमत मोजतो. आपण मात्र फॉर्म बघतो, असा रेसवाल्याचा तोरा असतो. शेवटच्या पाच धावा, जॉकी, आणि सगळ्यात वरचा प्रश्न: ट्रेनर सध्या फॉर्मात आहे का?

हा तोरा बहुतांशी फुकटचा आहे, असं माझं मत आहे. हंगामभर चालणाऱ्या चर्चेतला ‘ट्रेनरचा फॉर्म’ हाही एक भोवराच आहे. डोळ्यांना दिसतो, बोलायला सोपा असतो आणि घोडा पुढे कसा पळेल याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. ‘यंदाचा टॉपचा घोडा कोणता’ हा वादही बहुतेक वेळा विजय मोजून निकालात काढला जातो, आणि ती मोजणीसुद्धा तितकीच पोकळ असते. ट्रेनरच्या हातात कसब नसतं किंवा दोन घोड्यांची तुलनाच होऊ शकत नाही, असं मी म्हणत नाही. हंगामाच्या गप्पांमध्ये कसब म्हणून जे मोजलं जातं त्यात योगायोग किती, मालकांचा पैसा किती आणि घोड्यांना वजनं लावणाऱ्या हँडिकॅपरची करामत किती, हे कुणी वेगळं काढत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. ते टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. यात्रेत नेमकं काय तपासतात

आधी ज्याला हसलं जातं त्याच्याकडे बघू. सारंगखेडा शहादा तालुक्यात आहे. १९९८ साली नंदुरबार वेगळा होईपर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यातच होतं, आणि खानदेशी माणसाच्या मनात अजूनही ते आपलंच आहे. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी येतात. मारवाडी, काठियावाडी, पांढराशुभ्र नुकरा, अबलक असे घोडे उभे असतात. गळ्यावर देवमण हा शुभ भोवरा असेल तर भाव वाढतो. डोळ्याखाली आसूढाळ, म्हणजे अशुभ भोवरा, दिसली की गिऱ्हाईक मागे सरकतं. ‘घोडा चांगला शे, पन भवरा नडस,’ एवढ्यावर सौदा मोडतो. या भागाचा बचाव करता येणार नाही. कोट्यवधींचा भाव सांगितलेल्या घोड्याची बातमी दरवर्षी येते. मागितलेली किंमत ही घोड्याची परीक्षा कधीच नसते, त्यामुळे तिचाही बचाव करत नाही.

पण सौदा तिथे संपत नाही. गिऱ्हाईक घोड्याचं तोंड उघडायला लावतं. मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या आसपास पडून पक्के येतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला आणि कडेचे साडेचारला. पाच वर्षांत तोंड पूर्ण भरतं. व्यापारी तोंडाने काहीही वय सांगो, दात खोटं बोलत नाहीत. मग पायांवरून हात फिरतो, गुडघ्याखालची नळी चाचपली जाते, गरम लागते का बघतात, खूर उचलून तळवा पाहतात. शेवटी स्वार बसवून रेवाल चाल काढून दाखवायला लावतात. भोवऱ्यावर विश्वास असलेला माणूसही या तपासण्या सोडत नाही, कारण पैसे त्याचे जाणार असतात आणि घोडा त्यालाच सांभाळायचा असतो.

म्हणजे यात्रेतल्या परीक्षेचे दोन भाग आहेत, एक अंधश्रद्धेचा आणि एक हाताने तपासण्याचा. रेसच्या चर्चेत पहिला भाग नव्या कपड्यांत आला आणि दुसरा जवळजवळ गळून पडला.

२. वीस धावांचा हिशेब

आता ट्रेनरच्या फॉर्मकडे येऊ. हा शब्द कधी वापरला जातो? एखाद्याने गेल्या तीन-चार आठवड्यांत वीस घोडे पळवले आणि सहा जिंकले, की ‘तबेला तापलाय’. वीसपैकी एकच जिंकला किंवा एकही नाही, की ‘याचं काही खरं नाही, यंदा फॉर्म गेला’.

एक साधा हिशेब करून बघा. समजा एका ट्रेनरची खरी ताकद अशी आहे की त्याचे शंभरातले पंधरा घोडे जिंकतात, आणि ती ताकद हंगामभर तसूभरही बदलत नाही. वीस धावांत त्याचे सरासरी तीन विजय अपेक्षित आहेत. पण प्रत्येक वीस धावांत बरोबर तीनच येणार नाहीत. शून्य किंवा एकच विजय येण्याची शक्यता साडेसतरा टक्के निघते, म्हणजे जवळपास सहात एकदा. सहा किंवा त्याहून जास्त विजय येण्याची शक्यता सुमारे पावणेसात टक्के, म्हणजे पंधरात एकदा. आता अगदी सारख्याच ताकदीचे वीस ट्रेनर एका मैदानावर उभे करा. कुणाचंही कसब कुणापेक्षा कमी-जास्त नाही. तरीसुद्धा कुठल्याही महिन्यात त्यांतला एखादा ‘तापलेला’ दिसेल आणि तीन-चार जण ‘संपलेले’ दिसतील. पुढच्या महिन्यात नावं बदलतील.

आपली चर्चा या नावांवर चालते. तापलेल्याने यंदा खाद्य बदललं असेल, सकाळच्या गॅलपची पद्धत बदलली असेल, संपलेल्याचं मालकाशी बिनसलं असेल, अशी कारणं मागाहून जोडली जातात. एखादं कारण खरंही निघेल. पण कारणच नसतानाही हेच चित्र दिसलं असतं, हे ज्याने तपासलं नाही त्याला कारण सांगायचा अधिकार नाही. गंमत अशी की कपाळावरच्या भोवऱ्याची जागा आणि जनावराचा बिथरट स्वभाव यांचा संबंध तपासणारे अभ्यास गुरांवर झाले आहेत आणि त्यांत काही प्रमाणात संबंध दिसलाही. त्या मानाने वीस धावांवरून काढलेल्या फॉर्मची बाजू भोवऱ्यापेक्षाही लंगडी ठरेल.

३. सेसिलचे बारा विजय

वीस धावा फार थोड्या झाल्या, पूर्ण हंगामाचा तक्ता तरी खरा असेल की नाही? तो योगायोगापासून बराच मोकळा असतो, हे मान्य. पण तो मोजतो काय? विजयांची संख्या मोजा किंवा बक्षिसांची रक्कम, दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असते: तबेल्यात किती घोडे आहेत आणि ते कुणाचे आहेत.

याचं सगळ्यात उघड उदाहरण इंग्लंडमधलं आहे. हेन्री सेसिल हे तिथे दहा वेळा चॅम्पियन ट्रेनर झाले. १९८७ च्या हंगामात त्यांनी १८० शर्यती जिंकल्या, तो तेव्हाचा विक्रम होता. १९९५ मध्ये त्यांचे एक मोठे मालक शेख मोहम्मद यांनी आपले घोडे त्यांच्याकडून काढून घेतले. पुढच्या काही वर्षांत जुने मोठे मालक एकेक करून वारले किंवा दूर झाले. २००५ च्या अख्ख्या हंगामात सेसिल यांच्या नावावर फक्त १२ विजय लागले. लोकांनी त्यांना निकालात काढलं होतं. मग खालिद अब्दुल्ला यांचा फ्रँकेल हा घोडा त्यांच्या तबेल्यात आला. २०१० ते २०१२ या काळात तो १४ वेळा पळाला आणि चौदाही वेळा जिंकला. त्या काळात सेसिल कर्करोगाशी झुंजत होते. २०१३ मध्ये ते गेले.

१८० विजयांचा माणूस १२ वर आला तेव्हा त्याची घोड्याची जाण पंधरा पटींनी आटली होती का? आणि फ्रँकेल आल्यावर ती परत उगवली? तक्ता तेच सांगतो. आजारपणाचा, घरगुती संकटांचा काही परिणाम झाला नसेल असं मी म्हणणार नाही. पण सगळ्यात मोठं कारण मालक निघून जाण्यात होतं. आपल्याकडे वेगळं काही नाही. क्लासिक, म्हणजे डर्बीसारख्या मानाच्या, शर्यतींच्या दर्जाची शिंगरं देशातल्या मोजक्या स्टड फार्मांतून येतात. ती घेण्याची ऐपत मोजक्या मालकांची असते आणि ते मालक मोजक्या ट्रेनरांकडे जातात. तक्त्यातला पहिला नंबर हा या साखळीचा शेवटचा दुवा आहे. पेसी श्रॉफ यांच्यासारखा माणूस जॉकी म्हणून शंभरावर क्लासिक शर्यती जिंकून २००४ मध्ये निवृत्त होतो आणि मग ट्रेनर होतो. त्याच्याकडे उत्तम घोडे पहिल्यापासून चालत येणार, यात नवल ते काय? त्याचं कसब मोठं असेलच, पण तक्ता ते वेगळं काढून दाखवत नाही.

४. घोडा जिंकला म्हणजे काय झालं?

आता घोड्याकडे येऊ. खरी खोलात जायची जागा इथे आहे आणि नेमकी इथेच चर्चा उथळ होते.

रोजच्या बहुतेक शर्यती हँडिकॅप असतात. हँडिकॅपरचं काम एकच: सगळे घोडे शेवटच्या खांबाला एका ओळीत यावेत, अशी वजनं लावायची. भारतातल्या पद्धतीत प्रत्येक घोड्याला रेटिंग असतं आणि एका गुणाला अर्धा किलो वजन पडतं. समजा एक घोडा लागोपाठ तीन शर्यती जिंकला आणि त्याचं रेटिंग एकूण २० गुणांनी वाढलं. आता त्याच प्रतिस्पर्ध्यांसमोर त्याला आधीपेक्षा १० किलो जास्त उचलावे लागतील, किंवा तो वरच्या वर्गात जाऊन त्याहून चांगल्या घोड्यांसमोर उभा राहील. सोळाशे मीटरच्या शर्यतीत एक लांबी ही ढोबळमानाने एका किलोच्या आसपास धरली जाते. म्हणजे आठ-दहा लांब्यांची सूट दुसऱ्याला देऊन याने पळायचं. चौथ्या शर्यतीत हा घोडा पाचवा आला की लोक म्हणतात, ‘फॉर्म गेला’. घोडा कदाचित आयुष्यातली सगळ्यात चांगली धाव धावला असेल. फॉर्म गेलेला नसतो. हँडिकॅपरने आपलं काम चोख केलेलं असतं.

उलटही तितकंच खरं. तीन वेळा मागे पडलेल्या घोड्याचं वजन उतरतं, तो खालच्या वर्गात येतो आणि जिंकतो. आता म्हणायचं काय, ‘ट्रेनरने घोडा बनवला’? बनवला असेलही. पण त्याला १० किलो हलकं कुणी केलं हे आधी बघा. हंगामात एखाद्या घोड्याच्या नावापुढे पाच विजय आणि दुसऱ्याच्या नावापुढे दोन, एवढ्यावरून पहिला मोठा ठरत नाही. पाच विजय खालच्या वर्गात हलक्या वजनावर मिळाले असतील आणि दोन विजय अशा शर्यतींत, जिथे सगळे सारख्याच वजनाने पळतात.

म्हणूनच टॉपच्या घोड्याचा वाद खऱ्या अर्थाने क्लासिक आणि त्या तोडीच्या शर्यतींवरच घालता येतो. तिथे घोड्यांना सारखं वजन असतं, घोड्यांपेक्षा घोडींना थोडी सूट मिळते, आणि हँडिकॅपर मधे येत नाही. इंडियन डर्बी १९४३ मध्ये सुरू झाली आणि पहिली डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली, यालाही त्यामुळेच वजन आहे. स्क्वाँडरर या घोड्याचं नाव सत्तरच्या दशकापासून आजतागायत का घेतलं जातं? १९ धावांत १८ विजय हा आकडा आहेच. पण त्या विजयांत त्या पिढीतल्या सगळ्यात मोठ्या शर्यती होत्या आणि समोर त्या पिढीतले सगळ्यात चांगले घोडे होते, म्हणून तो आकडा आकडा राहत नाही.

अंतराचा प्रश्न त्याहून अवघड आहे. डिसेंबरमधल्या गिनीज या क्लासिक शर्यती १६०० मीटरच्या असतात, फेब्रुवारीतली डर्बी २४०० ची. त्यांच्या मधल्या दोन महिन्यांत घोडा वाढतो. तिशी-चाळिशीच्या माणसाला दोन महिने काहीच नसतात, पण तीनचं चौथं लागणाऱ्या थरोब्रेडला ते खूप असतात. गिनीज जिंकलेला घोडा डर्बीत मागे पडला की ट्रेनरच्या नावाने ओरड सुरू होते. आईबापांकडून आलेला दमच १६०० मीटरचा असेल तर ट्रेनर काय करणार? १२०० मीटरच्या स्प्रिंटरची आणि डर्बीच्या घोड्याची ‘टॉप कोण’ म्हणून झुंज लावणं मला तर निरर्थकच वाटतं. त्या प्रश्नाला उत्तरच नाही आणि उत्तर नसलेले प्रश्न चर्चेत सगळ्यात जास्त टिकतात.

मग वेळ तरी? घड्याळ खोटं बोलणार नाही, असं वाटतं. पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलगाड्याची बारी सुटते तेव्हा तिथे एका वेळी एकच गाडा पळतो. पुढे घोडी असते, समोर घड्याळ असतं, आणि सेकंदांवर निकाल लागतो. तिथे वेळेला अर्थ आहे, कारण दुसरा गाडा तुमची चाल बिघडवायला नसतो. सातारा-सांगलीकडे पाच-सात गाड्या शेजारी शेजारी सुटतात, गट, सेमी, फायनल अशा पायऱ्या असतात. तिथला शौकीन सेकंदांपेक्षा कुणाला हरवलं ते सांगतो. घोड्यांची शर्यत या दुसऱ्या जातीची आहे. पहिले हजार मीटर सगळे दबकत पळाले, तर पूर्ण वेळ सुमार येते आणि शेवटचे चारशे मीटर विजेच्या वेगाने जातात. सुरुवातीलाच कुणी सुसाट सुटलं, तर वेळ भारी येते पण पुढे पळणारे सगळे दमून गळतात. पेस बघितल्याशिवाय वेळ वाचणं म्हणजे अर्धवट वाचणं. बैलगाड्यांच्या शौकिनाला हा फरक न शिकवता कळतो, रेसच्या पुस्तकात नाक खुपसलेल्याला मात्र कळत नाही.

५. तीन आक्षेप

पहिला: तबेल्याचा फॉर्म कधी कधी खरा असतो. खोकल्याची साथ आली की सगळे घोडे एकदम उतरतात. बरोबर आहे. २००८-०९ मध्ये देशात घोड्यांच्या इन्फ्लुएन्झाची साथ आलीच होती. पण याचा अर्थ काय होतो तो बघा. ताप, नाकातून गळणारा शेंबूड, सुटलेला सराव ही दिसणारी, तपासता येणारी कारणं आहेत. ती असतील तर आजार म्हणा, आजाराचा पुरावा द्या. ती नसतील आणि नुसते वीसपैकी शून्य विजय असतील, तर दुसऱ्या टप्प्यातला हिशेब पुन्हा वाचावा. ट्रेनरचं खरं कसबही असंच दिसणाऱ्या गोष्टींत असतं: घोड्याला त्याच्या दमाच्या अंतरावर पळवणं, त्याच्या वर्गाची शर्यत निवडणं, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, डर्बीच्या दिवशी, तो ऐन भरात येईल अशी तयारी करणं, आणि पाय दुखत असताना मालकाचा दबाव झुगारून त्याला न पळवणं. यातली शेवटची गोष्ट कुठल्याही तक्त्यात येत नाही. तक्त्याचं त्याहून मोठं अपयश मला दुसरं दिसत नाही.

दुसरा: मैदानावरच्या लोकांना आतली खबर असते, ‘ट्रेनर फॉर्मात आहे’ हे त्याचंच लोकभाषेतलं रूप आहे. असेल. पण जी खबर चहाच्या टपरीवर पोहोचली ती भावातही पोहोचलेली असते. टोटवर, म्हणजे मैदानावरच्या सामायिक बेटिंगमध्ये, सगळ्यांचे पैसे एकाच कुंडात पडतात. तापलेल्या ट्रेनरच्या घोड्यावर गर्दी झाली की त्याचा भाव कोसळतो. जगभरात फेव्हरिट घोडा ढोबळमानाने तीनात एकदा जिंकतो. म्हणजे सगळ्यांची अक्कल एकत्र करूनही तीनात दोनदा चूक होते. त्या अकलेतलाच एक तुकडा उचलून कुणी आपल्याला आतलं कळलं म्हणत असेल, तर त्याने पैसे देऊन शिळी बातमी घेतलेली असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: हा सगळा विरंगुळा आहे, त्यात एवढा कीस कशाला काढायचा? दत्तजयंतीला यात्रेत जाऊन नुकरा बघून आनंद घेतला तर त्याला कुणी गणित मागत नाही. मग रविवारी दोन मित्र ट्रेनरवरून भांडले तर काय बिघडलं?

भांडण्याने काही बिघडत नाही. पण या खेळाला आपल्या देशात कायद्याचं छप्पर मिळालं आहे ते विरंगुळा म्हणून मिळालेलं नाही. मद्रास रेस क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं ठरवलं. घोड्याचं कूळ, त्याची तयारी, जॉकीचं कसब, वजन, अंतर, आधीच्या धावा, हे सगळं अभ्यासता येतं, म्हणून ती निव्वळ नशिबाची बाब नाही, हा त्या निकालाचा गाभा. त्यानंतरही सरकारने कराच्या बाबतीत रेसला जुगाराच्या पंगतीतच बसवलं. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. रेसवाले यावर चिडतात, आणि त्यांचा राग तत्त्वतः बरोबर आहे. न्यायालयाने कौशल्य म्हटलेल्या गोष्टीला कॅसिनोचा कर का लावायचा? पण वजन न बघता, अंतर न बघता, समोर कोण होतं ते न बघता, निव्वळ ‘ट्रेनर तापलाय’ म्हणून पैसे लावणारा माणूस त्या निकालात वर्णन केलेलं कौशल्य वापरतच नाही. त्याच्यापुरता तो कर रास्त आहे.